पाहुण्यांची सोय

शाळेतून फोन आला तेव्हा वेलांटी ‘मुत्रपिंड’ या शब्दातला उकार तांबड्या शाईने दीर्घ करत होते. आरोग्य खात्याच्या प्रकाशन विभागात मुद्रितं तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते काम ते इतक्या निष्ठेने करत की कँटीनच्या फलकावरचं ‘थंड पेये मिळतिल’ हेसुद्धा त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून ‘मिळतील’ करून ठेवलं होतं. तेव्हापासून त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे वेलांटी म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

“तुम्ही लगेच या,” वर्गशिक्षिका फोनवर म्हणाल्या. “आणि येताना मुलीचे कपडे आणा. सगळे.”

वेलांटींची मुलगी भिंगरी पाच वर्षांची. ती शाळेच्या व्हरांड्यात टेबलावरच्या कापडात गुंडाळलेल्या अवस्थेत उभी होती. चेहरा रडून सुजलेला. शिक्षिका तिच्यापासून जरा लांब, वाऱ्याची दिशा बघून उभ्या होत्या.

“हिने हात वर केला आणि म्हणाली, बाई, पाहुणे आलेत,” शिक्षिका सांगू लागल्या. “मी विचारलं, कुठे? म्हणाली, दारात. मी दार उघडून पाहिलं, तर चिटपाखरू नाही. मी म्हटलं, त्यांना मधल्या सुट्टीपर्यंत बसायला सांग.”

“मी सांगितलं होतं,” भिंगरी हुंदके देत म्हणाली. “ते बसले नाहीत.”

वेलांटींची कानशिलं तापली. पाहुणे कोण, ते कुठून येतात आणि कसल्या दारात उभे राहतात, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. हे पाहुणे त्यांच्या सासरवाडीचे होते.

त्याचं असं होतं की बायकोच्या माहेरी शरीरातून जे जे म्हणून बाहेर पडतं त्याला घरगुती नाव होतं, आणि ते सगळं घर मोठ्या आवाजात, जेवताना, चारचौघांत वापरत असे. सर्दीने नाक गळू लागलं की ‘मेणबत्ती’ पेटली. सकाळी डोळ्यांच्या कोपऱ्यात जमते ती ‘खडीसाखर’. कानातला मळ म्हणजे ‘खजिना’. लघवीला जाणं म्हणजे ‘पत्र टाकून येणं’. आणि पोट साफ होणं म्हणजे ‘पाहुणे’. त्यांच्याआधी आवाज होई ती ‘वर्दी’. ते आले नाहीत तर ‘पाहुणे रुसले’, आणि पोट बिघडून एकसारखे येऊ लागले तर ‘वऱ्हाड उतरलं’. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेले असताना सासऱ्यांनी सकाळी सकाळी पाठीवर थाप मारून “काय जावईबापू, पाहुणे आले का?” असं विचारलं, तेव्हा वेलांटी गडबडीने सदरा चढवून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले होते.

याउलट वेलांटींचं स्वतःचं घर. तिथे या सर्व पदार्थांना मिळून एकच शब्द होता, तो म्हणजे ‘ते’. आई म्हणायची, “तुझं ते आलंय, पूस.” मग आपलं नेमकं काय आलंय ते नाक, डोळे, कान असं चाचपत शोधून काढावं लागे. एकदा वडील आजारी पडले. आईने डॉक्टरांना सांगितलं, यांना पहाटेपासून ते होतंय. डॉक्टरांनी विचारलं, वरून की खालून? आई पदर सावरून आत निघून गेली. डॉक्टरांनी अंदाजाने वरचं औषध दिलं. वडिलांना होत होतं खालून. त्या औषधाने जे झालं त्यालाही घरात ‘ते’च म्हणाले.

अशा सोवळ्या घरात वाढलेल्या माणसाने पोटच्या पोरीला टेबलाच्या कापडात गुंडाळलेलं बघावं, यापरता अपमान नाही. त्या संध्याकाळी वेलांटींनी घरात जाहीर केलं की आजपासून पाहुणे, पत्र, मेणबत्ती सगळं बंद. घरात शुद्ध शब्द वापरले जातील.

“चार पिढ्या आमच्याकडे पाहुणेच येतात,” सासूबाई म्हणाल्या. त्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे लेकीकडे राहायला आल्या होत्या. “कुणाचं काही अडलं नाही.”

“आज अडलं ना!”

“ते त्या बाईंना कळलं नाही म्हणून. पाहुणे दारात आहेत म्हटल्यावर कुणी बसायला सांगतं का?”

“अहो, बंद करा, पण मग म्हणायचं काय?” बायकोने विचारलं. प्रश्न साधा होता. दिवसभर खात्याची पत्रकं तपासणारा माणूस, पण पोरीच्या तोंडी द्यावा असा एक शब्द त्यांना सापडेना. ‘शी’ हा मुळात शब्दच नव्हे, तो उद्गार आहे, असं त्यांचं मत. ‘संडास’ हे ठिकाण झालं. ठिकाणाला वस्तू म्हणणं म्हणजे टपाल कचेरीला पाकीट म्हणण्यासारखं. ‘विष्ठा’ कोवळ्या जिभेला जड. ‘ह’ने सुरू होणारा जो अस्सल, सगळ्यांना येणारा शब्द आहे, तो त्यांनी मनातल्या मनात उच्चारला आणि स्वतःशीच लाजले. शेवटी ते म्हणाले, “मल.”

“म्हणजे मलम?” भिंगरीने विचारलं. आजी तिच्याकडून रोज गुडघ्याला मलम लावून घेत असे. पोरीने स्वतःच्या तळहाताकडे अशा काही नजरेने पाहिलं की तो शब्द तिथेच मागे घ्यावा लागला.

बातमी दुसऱ्या दिवशी जिन्यात पोचली. समोरचे विमा एजंट दाराशी आले. “आमच्यात एक नंबर आणि दोन नंबर म्हणतात. सुटसुटीत. लहान मुलाला आकडे येतातच.”

“दोन नंबरचं म्हणजे लबाडीचं,” वेलांटी ताठरपणे म्हणाले. “सरकारी नोकराच्या मुलीने भर वर्गात उठून माझं दोन नंबरचं काम आहे म्हणायचं?”

एजंटांनी विचार केला आणि त्यांना ते पटलं. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी सुचवलं, “आमचे आजोबा बहिर्दिशेला जाऊन येतो म्हणायचे. किती भारदस्त!” पण बहिर्दिशा म्हणजे घराबाहेर, आणि या इमारतीत घराबाहेर जिना होता. तिथे आजोबांचा शब्द वापरणं धोक्याचं होतं.

अखेर वेलांटींना रस्ता सापडला. लघुशंका आणि दीर्घशंका! दोन्ही शब्द भारदस्त, दोन्ही निर्मळ, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कसलंही चित्र उभं राहत नाही. त्यांनी भिंगरीकडून ते घोकून घेतले. पोरगी हुशार. ‘दीर्घ’मधला र्घ तिने पहिल्याच झटक्यात उच्चारला, तेव्हा वेलांटींना अभिमानाने भरून आलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळेतून पुन्हा फोन आला. कपडे घेऊन या.

भिंगरीने हात वर केला होता. “बाई, मला शंका आहे.”

शिक्षिकांचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या लहान मुलीने स्वतःहून शंका विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. “शाबास!” त्या म्हणाल्या होत्या. “बघा मुलांनो, शंका मनात ठेवू नये. उभी राहा बाळ, सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने विचार.”

भिंगरी उभी राहिली होती. पुढचं बाकावरून वाहत आलं.

त्या दिवसापासून पोरीने बोलणंच सोडलं. म्हणजे तसं बोलायची, पण याविषयी अवाक्षर नाही. शाळेत हात वर करेना, घरीही काही सांगेना. नाक गळलं तर फ्रॉकला पुसून गप्प. आधीचे शब्द बाबांना चालत नाहीत, बाबांचे शब्द शाळेत चालत नाहीत, तेव्हा तिने आपल्यापुरता निकाल लावून टाकला की ही गोष्टच करायची नाही.

इकडे वेलांटींनी एक चूक केली. कचेरीत चहाच्या वेळी आपली व्यथा बोलून दाखवली. संचालकांनी ती ऐकली. वर्षअखेर जवळ आली होती, अहवालात दाखवण्याजोगं विभागाने काही केलेलं नव्हतं, आणि संचालक अशा संधीची वाटच बघत होते. “अहो, हा राष्ट्रीय प्रश्न आहे!” ते म्हणाले, आणि संध्याकाळच्या आत ‘शारीरिक द्रव्य संज्ञा सुसूत्रीकरण समिती’ स्थापन झाली. सचिव, अर्थातच, वेलांटी.

पहिली बैठक शेंबडावर झाली आणि शेंबडावरच संपली. वैद्यकीय सल्लागारांचं म्हणणं, नाकातलं ओलं तेवढं शेंबूड. वाळलं की ते मेकूड, तो वेगळा पदार्थ. हिशेबनीसांचं म्हणणं, वेगळा कसला, मेकूड म्हणजे सेवानिवृत्त शेंबूड. माणूस निवृत्त झाला म्हणून त्याचं नाव बदलतं का? ते स्वतः पुढच्या वर्षी निवृत्त होणार असल्याने मनाला लावून घेऊन बोलत होते. एक बाई म्हणाल्या की आमच्या भागात दोन्हीला मेकूडच म्हणतात, तर दुसऱ्या म्हणाल्या की मग तुमच्या भागात नाकाकडे कुणाचं लक्ष नसणार. दोघींनी त्या दिवसापासून एकत्र डबा खाणं सोडलं. शेवटी ‘नासिकास्राव (द्रव)’ आणि ‘नासिकास्राव (घन)’ असा तोडगा निघाला. चिपडाचं ‘नेत्रमल’ झालं. घशातून निघणाऱ्या बेडक्यावर मात्र संचालक अडून बसले. एका निरुपद्रवी प्राण्याची त्यात बदनामी होते असं त्यांना वाटत होतं. बैठक संपल्यावर त्यांनी वेलांटींना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, “आमच्या घरी चिपडाला गोगलगाय म्हणतात. इतिवृत्तात घेऊ नका.”

समितीचं काम रंगात आलं आणि घरी भिंगरीचं पोट फुगलं. सासूबाईंनी कोमट पाणी दिलं, मनुका दिल्या, पपई दिली. विमा एजंटांनी एरंडेल आणून दिलं. शिकवणीवाल्या बाईंनी पोटावरून हात कसा फिरवायचा ते दाखवलं. पोरगी सगळं निमूट खात होती, पीत होती, आणि बाथरूमच्या दाराशी जाऊन परत येत होती. खेळणं थांबलं. मग जेवणही थांबलं. वेलांटी तांबडी शाई घेऊन बसत, पण अक्षरं डोळ्यांसमोर ठरत नसत.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी पोट दाबून पाहिलं. “बाळा, शी होते का?”

भिंगरीने बाबांकडे पाहिलं.

“शौचास साफ होत नाही,” वेलांटी म्हणाले.

“मी तिला विचारतेय.” डॉक्टरबाईंनी वेलांटींना बाहेर बसवलं. नंतर बोलावून म्हणाल्या, “आजार काही नाही. ती धरून ठेवतेय. कशाला तरी घाबरलीय. आज संध्याकाळपर्यंत झालं नाही तर उद्या सकाळी दाखल करा. एनिमा द्यावा लागेल, आणि ते तिला अजिबात आवडणार नाही.”

नेमका त्याच दुपारी समितीच्या कोशाचा प्रकाशन समारंभ होता. वेलांटी कपडे करून निघाले, तर भिंगरी पोट धरून कॉटवर बसलेली. ती हळू आवाजात म्हणाली, “बाबा, मला बरोबरचा शब्द आठवत नाही.”

“असू दे गं. शब्द नको. तू नुसती जा.”

“असं कसं? आधी सांगायला लागतं ना.”

वेलांटींना एकदम कळलं की पोरगी शब्दासाठी खोळंबली आहे. परवानगीच्या कागदावर सही राहावी तशी ती बसून होती, आणि ती सही त्यांनीच अडवून धरली होती. ते आत गेले आणि सासूबाईंना म्हणाले, “आई, तुमचेच शब्द वापरा. काहीही म्हणा. पण हिला मोकळं करा, आणि झालं की मला लगेच फोन करा.” सासूबाईंना त्यांनी आई म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

सभागृह भरलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून एक वयोवृद्ध भाषातज्ज्ञ येणार होते आणि त्यांना उशीर होत होता. संचालक पुष्पगुच्छ घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी वेलांटींना बजावलं होतं, “दरवाजाकडे लक्ष ठेवा. पाहुणे आले की माईकवरून सांगा. सगळे उठून उभे राहतील, टाळ्या होतील, फोटोग्राफर तयार आहे.”

पण वेलांटींचं लक्ष दरवाजाकडे नव्हतं, खिशाकडे होतं. एनिमाची नळी डोळ्यांसमोरून हलेना. इतक्यात खिसा थरथरला. त्यांनी माईकसमोर उभ्या उभ्या फोन कानाला लावला.

“आले हो, आले!” सासूबाई ओरडत होत्या. मागे बायकोचा हसण्या-रडण्याचा आवाज. “जावईबापू, आले!”

“पाहुणे आले?” वेलांटी ओरडले. “पाहुणे आले!”

सभागृह ताडकन उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालक पुष्पगुच्छ घेऊन दाराकडे धावले. दार उघडलं आणि हातात पेचकस, खांद्यावर शिडी घेऊन पंखा दुरुस्त करणारा इलेक्ट्रिशियन आत आला. संचालकांना थांबता आलं नाही. इलेक्ट्रिशियनने पुष्पगुच्छ घेतला, “याची काय गरज होती” म्हणाला, आणि फोटो निघाला.

संचालक तांबडेलाल होऊन व्यासपीठावर चढले. “कुठे आहेत पाहुणे?” त्यांनी दातओठ खात विचारलं. माईक चालू होता.

“घरी, सर.”

“त्यांच्या?”

“माझ्या.”

“तुमच्या घरी कशाला गेले ते?”

“फार दिवसांनी आले, सर,” वेलांटी म्हणाले. “किती वाट पाहायला लावली.”

“अहो, मग गाडी पाठवतो! त्यांना इकडे घेऊन या!”

“आता उपयोग नाही, सर. सासूबाईंनी पाणी सोडलं असेल.”

वेलांटींनी समोर पाहिलं. सगळे पाहत होते. हिशेबनीस, न बोलणाऱ्या त्या दोन बाया, वैद्यकीय सल्लागार, आणि शिडीवर चढलेला इलेक्ट्रिशियन. टेबलावर कोशाचा गठ्ठा रेशमी फितीत बांधलेला होता. त्यात या प्रसंगासाठी ‘मलोत्सर्जन’ असा शब्द होता. तो त्यांनी स्वतः दोनदा तपासला होता. तो काही तोंडात येईना.

“माझ्या मुलीला शी झाली हो!” वेलांटी माईकमध्ये म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

कुणी हसलं नाही. मागच्या दाराने एक काठी टेकत टेकत व्यासपीठावर आली. काठीमागे खरे प्रमुख पाहुणे होते. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कुणाला कळलं नव्हतं, आणि आता त्यांच्यासाठी कुणी उठलंही नाही. ते वेलांटींच्या शेजारच्या खुर्चीवर सावकाश बसले.

“कशाने झाली?” त्यांनी विचारलं.

“अं?”

“अहो, काय दिलंत तिला? मला नीट सांगा. माझं गेले कित्येक महिने...” त्यांनी घसा साफ केला आणि सगळं सभागृह ऐकत असताना म्हणाले, “आमच्या घरी म्हणतात, गाडी यार्डात उभी आहे.”

मग मात्र बांध फुटला. हिशेबनीस उठून म्हणाले की आमच्याकडे ‘चेक वटला नाही’ म्हणतात. कुणी पपई सुचवली, कुणी एरंडेलाला विरोध केला. न बोलणाऱ्या दोन बाया एकमेकींना आपापल्या सासूचे उपाय सांगू लागल्या. कोशाची फीत कुणी सोडलीच नाही. पुढे यथावकाश वेलांटींकडे लेखी खुलासा मागण्यात आला, तो व्यासपीठावरून रडल्याबद्दल नव्हे, तर समितीने मान्य न केलेली संज्ञा अधिकृत कार्यक्रमात वापरल्याबद्दल. खुलासा मागणाऱ्या पत्रात ‘अधिकृत’चं ‘अधीकृत’ झालं होतं, आणि वेलांटींनी ते दुरुस्त न करता तसंच ठेवून दिलं.

पण त्या संध्याकाळी त्यांना यातलं काही सुचत नव्हतं. ते जिना दोन दोन पायऱ्या करत चढले. भिंगरी टेबलाशी बसून दोन्ही हातांनी केळं खात होती. सासूबाई बाजूला गुडघा चोळत होत्या, बायको दारात उभी होती.

“बाबा,” भिंगरी जपून म्हणाली, “पाहुणे येऊन गेले.” आणि शब्द चुकला की काय, म्हणून केळं तसंच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

वेलांटी बुटांसकट तिच्यासमोर फरशीवर बसले. “गेले?” ते म्हणाले. “इतक्या दिवसांनी आलेले, आणि तू तसंच जाऊ दिलंस? जेवून जा म्हणायचं नाही?”

भिंगरीचे डोळे मोठे झाले. “ईऽऽ, बाबा!” ती किंचाळली, आणि इतकी हसली, इतकी हसली की केळं बाजूला पडलं आणि तिच्या एका नाकपुडीत भला मोठा फुगा आला. वेलांटींनी तो आपल्या समारंभाच्या सदऱ्याच्या बाहीने पुसला.